मला धोंडा म्हणाल्या!

मित्रांनो, तुमचा विश्वास बसणार नाही हे ठाऊक असूनच सांगते. मी एक जुनी कात्री आहे. बुडालेल्या जहाजाच्या नांगरातून लोहाराने मला घडवलं. पहिल्याच दिवशी मी नाटकगृहाचा मखमली पडदा एका दमात कापला, तोही असा, की वाऱ्यानेच पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकांचे भांग डावीकडून उजवीकडे गेले. हसू नका!

पुढे तीस वर्षं मी शिलाईवाल्या मावशींकडे राबले. गल्लीतल्या तान्ह्या बाळांची झबली कापली, मोठ्या साहेबांच्या विजारी कापल्या. मशीनशेजारचा खिळा माझा. मला दुसऱ्या कोणी हात लावला, की मावशी अंगावर धावून जात. असा मान होता.

एका दुपारी मावशी काजं करत बसल्या होत्या, तेव्हा त्यांची धाकटी बहीण आली.

"ताई, समज दुकानदार म्हणाला, आज हवं ते उचला. काय काय उचलशील?"

"उचलते कसली, हमालच लावीन!" मावशी हसल्या. "रंगांची मोठी पेटी. मऊ ब्रश. चित्रांचा तो जाड, खरखरीत कागद. आणि भारीतला सुगंधी साबण. एकटीला!"

"दाजींना नाही?"

"त्यांनी त्यांचा आणावा! आणि हो, एक हलकी कात्री. या धोंड्याने अंगठा सुजतो माझा."

धोंडा! मी लटकल्या जागी गार पडले.

बहिणीने मापांच्या वहीत सगळं लिहिलं आणि ते पान कापायला मलाच उचललं. कापडाच्या कात्रीने कागद कापला, की धार मरते. मावशींनी बघितलं, पण ओरडल्या नाहीत. का? मग धारवाला आला, तर म्हणाल्या, "राहू दे आता." आता म्हणजे काय? एकदा तर न मागता तेल दिलं. विकायला चकाकवत असणार! टेपला विचारलं, तर तो गुंडाळी करून गप्प. टाचण्या कुजबुजायच्या, मी बघितलं की ताठ उभ्या राहायच्या.

आठवड्याने बहीण खोकं घेऊन आली. दोरी कापायला कोण? मीच! सवतीचं पार्सल स्वतःच फोडायचं, मित्रांनो!

आतून रंग निघाले, कागद निघाला. मावशींनी साबण हुंगला आणि बराच वेळ तसाच नाकाशी धरून ठेवला.

"अगं, मी गंमत करत होते गं."

"मी नव्हते करत," बहीण म्हणाली.

आणि कात्री? नव्हतीच! मी खोकं उलटं करून झटकलं, तरी नव्हती. मावशी मला छातीशी धरून म्हणाल्या, "हिच्या जागी दुसरी? शक्यच नाही!" आजही इथलं सगळं कापड मीच कापते. तेव्हा मित्रांनो, जुन्या वस्तू टाकू नका. त्यांना वेळेवर तेल द्या, धार लावा आणि...

"आजी," शेजारच्या खिळ्यावरून लाल मुठीची कात्री म्हणाली, "किती खोटं बोलाल? त्या खोक्यातूनच तर मी आले! कापड रोज मी कापते. तुम्ही मावशींच्या चित्रांचा कागद कापता. परवा मावशी दाजींना काय म्हणाल्या, ते का नाही सांगत? 'गिऱ्हाइकांचं ती बघेल. ही माझी.'"