खुर्चीपासून सतरंजीपर्यंत

मी एक जुनी चालायची मशीन आहे. हसू नका, मित्रांनो! माझ्यावर माणूस कितीही चालला तरी कुठेच पोचत नाही, हे मला ठाऊक आहे. पिंपळगाव राजात विहारासमोरच्या मैदानात, कडुनिंबाखाली, माझे पाय सिमेंटने जमिनीत पक्के केलेत. वर लोखंडी पावलांच्या दोन जोड्या टांगलेल्या. त्यांवर उभं राहायचं, दांडा धरायचा आणि पाय पुढे-मागे झुलवायचे. दोघांना शेजारी शेजारी, गप्पा मारत चालता येतं. माझं अर्धं सुख त्या गप्पांतच आहे.

एका कारखान्यात पाइप कापून, वाकवून, जोडून मला घडवलं. निळा-पिवळा रंग दिला. ट्रकमधून इथे उतरले तेव्हा नारळ फुटला, फोटो निघाले आणि काही दिवस माझ्यासमोर रांग लागली. मग रांग ओसरली. कुणी माझ्यावर ओली लुगडी वाळत घातली, कुणी दांड्याला शेळी बांधली. शेळी गुणाची होती, पण ती काही चालायला वर चढली नाही. माझ्या सांध्यांत धूळ बसली आणि मी कुरकुरायला लागले.

अशात दिवाळी झाल्यावर एका सकाळी सिंधूताई आल्या.

सिंधूताईंचे गुडघे आखडले होते. जमिनीवर बसणं केव्हाच सुटलं होतं. विहारात सगळे सतरंजीवर मांडी घालून वंदनेला बसत आणि त्या मागे, भिंतीला लागून, प्लास्टिकच्या खुर्चीवर. त्याचं त्यांना फार वाटत नव्हतं. पण घरात नात आली, महामाया. ती खाली गोधडीवर हातपाय नाचवायची, हुंकार द्यायची, आणि आजी खुर्चीवरून नुसती बघायची. सून मंजुश्री उचलून देईल तेव्हाच आजीची मांडी भरायची. खामगावच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, "चालत-हलत राहा आणि वजन कमी करा." सिंधूताईंच्या मनात राहिलं ते शेवटचं तेवढं.

"महामाया रांगाले लागली का माह्याकडं येईन," त्या शेजारच्या आशाबाईंना म्हणाल्या. "तवा मी खाली बसेल पाह्यजे. खुर्चीचे पाय धरून बसन का ते लेकरू?"

"तू चढ, मंग मीबी चढतो," आशाबाई म्हणाल्या. आणि दोघी माझ्यावर चढल्या.

पहिल्या दिवशी सिंधूताईंनी माझा दांडा असा आवळला की जणू मी पळूनच जाणार होते. श्वास पुरेना, बोलणं तर दूरच. आशाबाई मात्र एकीकडे झुलत होत्या आणि दुसरीकडे अख्ख्या गल्लीची खबर सांगत होत्या. आशाबाईंचे यजमान वामनराव बांधावरून येताजाता हसायचे. "आमाले कायले पाह्यजे मशीन? आमचं वावरच आमची मशीन!" एकदा ऐटीत चढले. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या धरून चालत होते. वावरात दिवस दिवस राबणारे ते पाय. पण त्यांना ढेकळं ठाऊक, माझा झोका नवा. मला तर तेव्हापासूनच नवल वाटू लागलं. मी सगळ्यांना सारखीच झुलवते. मग प्रत्येकाचं अंग असं वेगळंच उत्तर का देतं?

आता गंमत ऐका. कापसाचे दिवस होते. मैदानाशेजारच्या हिंमतरावांच्या अंगणात वेचलेला कापूस मोजायचा मोठा काटा मांडलेला. माझ्यावरून उतरल्या की या दोघी मधूनमधून तिथे जायच्या आणि काट्यावर उभ्या राहायच्या. हिंमतरावांना आकडा ओरडून सांगायची सवय. गाठोडं असो की बाई, अख्ख्या अंगणाला ऐकू जायचं. आशाबाईंचा आकडा दर खेपेला उतरत गेला. पोलकी सैल झाली. सिंधूताईंचा काटा मात्र जागचा हलेना.

"आशावयनीचा कापूस वाळला बाप्पा," एक दिवस हिंमतराव मोठ्यानं म्हणाले, "पण ताई, तुमचा अजून ओलाच हाय!"

ओला कापूस काट्यावर जड भरतो, हे सगळ्यांना ठाऊक; अंगण खदखदून हसलं. आशाबाईही हसल्या, आणि वर म्हणाल्या, "काऊन वं सिंधू, घरी जाऊन लपून काई खाऊन त नाई राह्यली?"

सिंधूताई तेव्हा हसण्यावारी नेऊन परतल्या. पण दुसऱ्या सकाळी आल्या नाहीत. तिसऱ्याही नाहीत. आशाबाई एकट्याच चढल्या, थोडं झुलल्या, रिकाम्या जोडीकडे बघत राहिल्या आणि उतरून गेल्या. मला शेळीची आठवण यायला लागली.

मग एका सकाळी मंजुश्री लेकराला कडेवर घेऊन आली. तिच्यामागे, तोंड पाडून, सिंधूताई.

"माह्यं अंगच दगडाचं हाय," त्या म्हणत होत्या. "कायले येऊ?"

"आई, काट्यावर नका जाऊ. हवा खायले या," मंजुश्री म्हणाली आणि तिनं कडुनिंबाखाली गोधडी पसरली. "घरी ही तुमच्या खुर्चीकडं तोंड करून किंचाळते. इथं तुमी झुलल्या का गप पडून पाहीन. मले घटकाभर सुख भेटन."

आशाबाई घाईघाईनं आल्या. "मी चुकली वं बाई. तू नसली का मले बोलता येत नाई, अन् बोलता आलं नाई का चालता येत नाई."

सिंधूताई चढल्या. फुरंगटूनच चढल्या, पण रोज यायला लागल्या. काट्याचं नाव कुणी काढलं नाही. आणि मी तेव्हा पाहिलं, मित्रांनो, जे काट्याला दिसत नव्हतं. दांड्यावरची त्यांची मूठ सैल झाली होती. पावलं लांब पडत होती. आशाबाईंच्या एका गोष्टीला आता त्या झुलता झुलता दोन उत्तरं देत होत्या. पण मी कुरकुरण्यापलीकडे काय बोलणार?

बुद्धपौर्णिमा आली. वंदना झाली आणि याच मैदानात खिरीची पंगत बसली. महामाया आता रांगत होती. नेहमीप्रमाणे मंजुश्री सासूबाईंसाठी खुर्ची आणायला गेली, तर खुर्चीवर हिंमतराव द्रोण घेऊन ऐसपैस बसलेले. त्यांना उठवायचं कसं, म्हणून ती घुटमळली. तेवढ्यात महामाया सतरंजीवरून सरसर रांगत आली आणि तिनं आजीच्या लुगड्याचा घोळ धरला. वर बघून म्हणाली, "आ!"

"आली, आली गं माह्यी बाई," म्हणत सिंधूताई खाली बसल्या. मांडी घातली. लेकरू मांडीवर घेतलं आणि बोटानं खीर चाटवायला लागल्या.

मंजुश्री जागीच थबकली. आशाबाईंचा घास हातातच राहिला.

"अवं सिंधू! तू खाली बसली!"

"अं?" सिंधूताईंनी आपल्या मांडीकडे पाहिलं. मग खुर्चीकडे. "हाव वं. बसली मी!" त्यांचे डोळे भरून आले, आणि लगेच घाबऱ्या होऊन म्हणाल्या, "पण उठता येईन का वं?"

सगळी पंगत हसली. त्या उठल्या. एक हात जमिनीला टेकून, लेकरू सुनेकडे देऊन, सावकाश, पण आपल्या आपण. आणि वाळलेल्या कापसाच्या आशाबाई? त्यांच्या पायाला मुंग्या आल्या होत्या.

"हात दे वं, सिंधू," त्या कळवळल्या, "मी आटकली!"

मित्रांनो, त्या दोघी एकाच वेळी, शेजारी शेजारी माझ्यावरच चालल्या. एकीचं वजन उतरलं, दुसरीचे गुडघे मोकळे झाले. अंगाचंही पेरणीसारखंच. ज्वारी आणि तूर शेजारी पेरली म्हणून काही एकाच दिवशी कापायला येत नाहीत. म्हणून शेजाऱ्याच्या अंगाकडे बघून आपल्या अंगावर रुसू नका, आणि कुणाला ओला कापूस म्हणून हसू तर मुळीच नका. रोज थोडं हला. उत्तर येतं, कधी कधी ते मागितलं होतं त्याहून वेगळं असतं, एवढंच.

आणि हो, अंगाला जसं हलणं लागतं, तसं मला तेल लागतं. सिंधूताई आता मंजुश्रीच्या शिलाई मशीनची तेलाची कुपी घेऊन येतात आणि माझ्या सांध्यांत थेंब सोडतात. तुमच्या गावातही माझी एखादी बहीण उभी असेल. तिच्यावरची लुगडी काढा, शेळी सोडा, दोन थेंब तेल द्या.

माझ्यावर चालून कुणी कुठेच पोचत नाही, असं मी म्हणाले होते ना? ते तेवढं मागे घेते. सिंधूताई पोचल्या. अंतर फार नव्हतं. खुर्चीपासून सतरंजीपर्यंतच, जिथे महामाया होती.