ओळंबा

स्वयंपाकघरात पडल्यावर बाईंनी प्रथम फरशीला दोष दिला. मात्र सारी नोकरी कारखान्याच्या आरेखन विभागात झालेली असल्यामुळे पुराव्याविना दोष देणे त्यांना पसंत नव्हते. मनगटाचे प्लॅस्टर निघताच त्यांनी पाणसळ काढून फरशीवर ठेवली. नळीतला बुडबुडा मधोमध स्थिरावला. फरशी निर्दोष होती.

"आता तरी पटलं ना?" फोनवर लेक म्हणाली. "मी न्यायलाच येते. तुझ्यासाठी खोली रंगवून ठेवलीय."

"मी काय कपाट आहे, उचलून न्यायला?"

"कपाट निदान पडत नाही, आई."

अखेर तह झाला. महिनाअखेरीस व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी 'या एकट्या राहू शकतात' असे लेकीसमोर सांगितले, तर बाई स्वतःच्या घरात राहतील. नाही तर मुकाट्याने गाडीत बसतील.

ताई पोटाचे आणि कमरेचे व्यायाम करून घेत. पाठीवर झोपून, गुडघे दुमडून कंबर उचलायची. रांगत्या स्थितीत उजवा हात आणि डावा पाय एकदम लांबवायचा. शेवटी ओट्याला बोट टेकून एका पायावर उभे राहायचे.

"पोट आवळा, आजी. तोंड नाही."

बाई हसत. घरात दिवसभरात तेवढेच हसू उमटे.

पोटात बळ आले, तरी बोट सुटले की तोल डावीकडेच जाई. मग बाईंनी दोरीला वजन बांधून आरशापुढे ओळंबा टांगला आणि पावले दोरीच्या दोन्ही बाजूंना समान अंतरावर ठेवली. आरशात पाहिले, तर नाक दोरीच्या डावीकडे होते.

ताईंनी ते निरखले. "पॅसेजमध्येही तुम्ही डावीकडे माणसाएवढी जागा सोडून उजव्या भिंतीला घासून चालता. डावीकडे काही धरायची सवय होती का?"

"मी नाही धरायचे. हे मला धरायचे," बाई म्हणाल्या. "आजारपणात यांचा सगळा भार माझ्या डाव्या खांद्यावर. मीही यांच्याकडे रेलायचे, नाही तर दोघंही आडवे झालो असतो."

भिंतीला लावलेले तिरके टेकू बाईंनी कितीतरी कागदांवर रेखाटले होते. भिंत काढून घेतल्यावर टेकूचे काय होते, हे त्यांना कोणी समजावण्याची गरज नव्हती.

त्यानंतर त्या रोज दोरीसमोर उभ्या राहत. नाक दोरीमागे आले, की आपण उजवीकडे कलंडतो आहोत असे वाटे, आणि डावा खांदा उघडा पडल्यासारखा गार लागे. यांना चालता चालता मध्येच सोडून दिल्यासारखे होई. तरीही त्या हलत नसत.

ठरल्या दिवशी लेक आली. बाई खोलीच्या मध्यभागी, कशालाही न टेकता, आधी एका पायावर आणि मग दुसऱ्या पायावर उभ्या राहिल्या.

"राहतील एकट्या," ताई म्हणाल्या.

लेकीने डोळे पुसले. "बरं बाई, जिंकलीस. ती खोली आता भाड्यानं देते."

"भाडेकरू न पडणारा बघ," बाई म्हणाल्या.

दोघींना दारापर्यंत पोहोचवून त्यांनी कडी लावली आणि दिवा लावायला त्या पॅसेजमधून आत निघाल्या. भिंतीला खांदा लागला नाही. त्या अगदी मधोमध चालत होत्या. दोन्ही बाजूंना सारखीच मोकळी जागा होती.