खोगिराखालचं दुखणं

मी एक म्हातारं खेचर आहे. माझी आई घोडी आणि वडील गाढव. माझे मालक वेल्लैसामी खूश असले की मला आईच्या वळणाचा म्हणत आणि रागावले की वडिलांच्या.

मित्रांनो, आमचं गाव कोडईकनालच्याही वरच्या अंगाला आहे. उतारावर पायऱ्यांसारखी शेतं आणि त्यांत लसूण. शेतापासून मोटाररस्त्यापर्यंत तेव्हा नुसती पायवाट होती, म्हणून सगळा लसूण माझ्या पाठीवरून खाली यायचा. धुकं दाटलं की वेल्लैसामी माझी शेपटी धरून चालत.

"गावात याच्याएवढा शहाणा कुणी नाही," ते सांगत.

"घरात तर नाहीच," त्यांची बायको पेचियम्माळ म्हणे.

एका सुगीत आभाळ फार भरून आलं. काढलेला लसूण भिजला असता तर कुजला असता. माझ्या रोजच्या चार खेपांच्या सहा झाल्या. खोगिराची गादी फाटली होती आणि आतलं लाकूड पाठीला घासत होतं, पण गादी शिवायला कुणाला सवड नव्हती. आठव्या दिवशी मी वाटेतच बसलो.

"ऊठ, गाढवाच्या!" वेल्लैसामी ओरडले. मला उठायचं होतं, पण पाय ऐकेनात. त्यांनी काठी उगारली.

"थांबा!" डोक्यावर टोपली घेऊन मागून येणारी पेचियम्माळ म्हणाली. "तेरा वर्षांत हा कधी बसला होता का?"

"नाटकं करतोय."

"नाटकं करायला तो काय तुमचा भाऊ आहे?"

तिनं गोणी उतरवल्या, पट्टा सोडला आणि खोगीर उचललं. पाठीवर तळहाताएवढी जखम होती. वेल्लैसामींनी काठी खाली टाकली.

"आता कसं? लसूण तर अजून वरच आहे," ते पुटपुटले.

"तुमची पाठ शाबूत आहे ना?"

मग त्या दोघांनीच गोणी वाहिल्या. मी गोठ्यात उभा राहून हळद लावून घेत होतो.

"काय वेल्लैसामी, खेचर बदललंस वाटतं?" शेजारी हसले.

"हो ना, पण हे नवीन फार बोलतं," पेचियम्माळनं उत्तर दिलं.

पावसानं गाठलंच. चार गोणी लसूण कुजला. त्या संध्याकाळी वेल्लैसामी सोललेल्या खांद्यांनी माझ्याजवळ येऊन बसले. मग माझ्या मानेवर हात ठेवून म्हणाले, "एवढं जड होतं, होय रे?" दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः गादी शिवली.

आता शेतापर्यंत रस्ता झाला आहे. लसूण टेम्पोनं जातो आणि मी दिवसभर गवत खातो.

मित्रांनो, मुक्या जनावराला दुखलं तर ते सांगू शकत नाही. ते फक्त थांबतं. तेव्हा काठी शोधू नका. आधी खोगिराखाली हात घालून पाहा.