थोरलीची जागा

"काकू, थोरली तुमी न्हाई व्हायच्या," कॅमेरा खांद्यावर घेत भुजंग म्हणाला. "थोरली नव्या नवरीला कुंकू लावती. तुमी विधवा आत्या करा."

भुजंग वडीगोद्रीत लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचा. आषाढात लग्नं नव्हती, म्हणून एक जुना कौटुंबिक सिनेमा तो गावातलीच माणसं घेऊन नव्यानं करत होता. द्वारकाबाई अंगणवाडीत खिचडी शिजवायच्या. तो सिनेमा त्यांनी नवऱ्याशेजारी बसून जत्रेतल्या तंबूत पाहिला होता. त्यातल्या थोरलीचं, घरच्या मोठ्या सुनेचं, बोलणं त्यांना भाकरी थापतानाही आठवायचं.

"आत्या तर वरात आली की आत पळती," त्या म्हणाल्या.

"सिनेमात तसंच हाय ना!"

"सिनेमात बैलगाडी व्हती, तू मेटाडोर आणली. दिवाणजी व्हता, त्याचा मास्तर केला. मंग आत्याच जुनी कामून ठिवतो?"

द्वारकाबाईंनी पदर खोचला. "आत्या करते. पण पळायची न्हाई. भाकरतुकडा मीच ओवाळनार."

नवरी झालेली शरयू पोस्टमास्तरांची मुलगी. तिची आई उषाबाई शूटिंगच्या घराच्या ओसरीवरच बसल्या होत्या. त्या ताडकन उठल्या.

"द्वारकाबाई, माझ्या लेकीचं लग्न व्हायचंय अजून! पिक्चरमधलं असलं, तरी ओवाळणं ते ओवाळणंच."

"नवरा खोटा, सासू खोटी, मंगळसूत्र बी भाड्याचं. मंग बाई, माझं रंडकेपणच तेवढं खरं व्हय?"

मेटाडोरचा ड्रायव्हर तातेराव पुटपुटला, "जल्दी करा रे, मला मंठ्याला भाडं हाय."

"शरयू, चल घरी," उषाबाई म्हणाल्या.

शरयू मुंडावळ्या सावरत उंबऱ्याबाहेर उभी होती. ती हलली नाही. "आई, मी इथंच थांबते. काकू, या तुम्ही."

उषाबाईंनी तोंड फिरवलं, पण त्या गेल्या नाहीत. भुजंगनं शूटिंगचा दिवा लावला.

द्वारकाबाई आतून आल्या. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्यात भाकरीचा तुकडा. कुणी सांगितलं नव्हतं, पण ओठावर ओवी आली:

*"दारी आली लेक, उंबरा उंच झाला;*
*टाक बाई पाय, दिवा आत मी लावीला."*

आवाज पहिल्या ओळीला चिरला, दुसरीला सावरला. त्यांनी तुकडा नवरीवरून ओवाळला, मोडून दोन्ही बाजूंना टाकला. पायांवर पाणी घातलं. मग बोटं ओली करून ती शरयूच्या डोळ्यांना लावायला त्या पुढं झाल्या.

"काकू, तोंड इकडं, कॅमेऱ्याकडं!" भुजंग ओरडला.

द्वारकाबाईंनी वळून पाहिलं नाही. नवरा गेल्यापासून लग्नाघरी त्यांची जागा मागं, चुलीपाशी. नवरी दिसायची ती माणसांच्या पाठींमधून, तुकड्यातुकड्यानं. आज ती हाताच्या अंतरावर होती, डोळे मिटून, पापण्यांवर पाणी घेऊन, आणि तिच्या भुवयांमधली हळद अजून ओली होती.