हरणाबाईला पाठ टेकायला

मी हिवराचा एक जुना खुंट आहे, मित्रांनो. आटपाडीकडच्या एका माळावर माझी बरीच वर्षं वीतभर उंचीत गेली. कुणाला ठेच लागली की चार शिव्या मिळायच्या, एवढीच माझी ओळख.

त्याआधी मी मोठं झाड होतो. कोळशासाठी मला कापलं, पण मुळं जिवंत राहिली. दर पावसाळ्यात मी फुटायचो आणि मेंढरं मला खायची. त्यांचा राग नाही, ती बिचारी पोटासाठी यायची. पण माझ्या मुळांतला जोर संपत आला होता.

नव्वद सालानंतर गावानं ठरवलं, माळावर पुन्हा रान उभं करायचं. रोपं आणायची नाहीत, आम्हा खुंटांनाच वाढू द्यायचं. शाळेतल्या दीपमालाबाई सांगायच्या, झाड हवेतला कार्बन ओढून लाकडात आणि मुळांत साठवतं. मेंढरं राखणाऱ्या हरणाबाईनं वेगळंच विचारलं.

"बाई, पाठ टेकाय एक तरी झाड हुईल का?"

आणि चराईबंदीची शपथ म्हणून बिरोबापुढं भंडारा पहिला तिनंच उचलला.

मी कमरेएवढा झालो. तेवढ्यात तिचा दीर धुळा परगावाहून कळप घेऊन आला. बागायतदार शेतात मेंढरं बसवून घेतात, लेंड्यांनी पीक तरारतं. झाडांनाही खत मिळेल, या मायेनं त्यानं कळप रात्रभर आमच्यातच बसवला. सकाळी माळावर पान उरलं नव्हतं.

"वैनी, मी चांगलंच कराय गेलो," तो म्हणाला.

"व्हय रं. मेंढरांचं लय चांगलं झालं."

गाव म्हणालं, आता राहिलंच काय, सोडा मेंढरं. हरणाबाई म्हणाली, "पाला सपला, भंडारा न्हाई सपला." तिनं आपलीही मेंढरं धुळाबरोबर कुंडलच्या बागायतीकडं धाडली आणि स्वतः माळ राखत बसली. मला धास्ती वाटत होती. आता फुटल्यावर पुन्हा कुणी खाल्लं असतं, तर त्यानंतर मी फुटलो नसतो.

मी फुटलो. लेंड्यांतून पडलेल्या बियाही उगवल्या, धुळाचं खत अगदीच वाया गेलं नाही.

मित्रांनो, माळावर खुंट दिसला तर मेला म्हणून खणू नका. त्याला काही पावसाळे द्या. मेंढरांना तोवर दुसरीकडं चारा बघा, तीही उपाशी राहू नयेत.

परवा हरणाबाईनं मला हातानं हलवून पाहिलं. मग पाठ फिरवून बसली आणि हळूच टेकली. मी जरासा वाकलो, पण मोडलो नाही.

"हाय की," ती म्हणाली आणि तिनं डोळे मिटले.