दादांची कादंबरी

"सर, बाळाचं पान वाचा. लोक रडले पायजेत," विजयसिंहदादा माईकवर हात ठेवून कुजबुजले.

भागवतने पुस्तक उघडलं. वर दादांचा फोटो, दादांचं नाव, खाली 'माझ्या आईची गोष्ट'. आतलं अक्षर न् अक्षर मात्र भागवतचं. त्याच्या आधीच्या कादंबऱ्या त्यानेच छापल्या, त्यानेच वाटल्या. लोकांनी शाल दिली, नारळ दिला, वाचलं कुणीच नाही. ही तर प्रकाशकाने न उघडताच परत पाठवली. तेव्हाच दादा म्हणाले होते, "निवडणुकीआधी आपल्या नावाचं पुस्तक पायजे. तुमालाबी शाळंत कायम व्हायचंय ना?" दादांच्या शाळेत भागवत बिनपगारी शिकवत होता. घरी पोरं होती. त्याने देऊन टाकली. विकायला लेखकाकडे दुसरं असतं तरी काय!

धारूरचं मंगल कार्यालय भरलं होतं. पहिल्या रांगेत त्याची आई भिवराबाई बसली होती, लेक माईकवर बोलणार म्हणून घाटनांदूरहून आलेली. तिला वाचता येत नव्हतं. ही गोष्ट तिचीच आहे, हे सांगायला भागवतची जीभ रेटली नव्हती.

तो वाचू लागला. ऊसतोडीला गेलेलं जोडपं, पाचटाने शाकारलेल्या कोपीत जन्मलेली मुलगी, पाचवी पुजायच्या आत गेलेली. बांधाला पुरून आईने सकाळी पुन्हा कोयता उचलला, कारण टोळी कुणासाठी थांबत नाही. सगळं घडलेलंच होतं. भागवतने पदरचं एवढंच घातलं होतं, की त्या न पाहिलेल्या बहिणीला नाव दिलं. सुरेखा.

दादांनी डोळ्याला रुमाल लावला. स्टेजवर शेजारीच बसलेल्या त्यांच्या आईने, सुभद्राबाईंनी, उसाचा फड मोटारीच्या काचेतूनच पाहिलेला, हे सभागृहात सगळ्यांना ठाऊक होतं. टाळ्या तरीही थांबेनात. ठाऊक नव्हतं ते एकट्या भिवराबाईला.

कार्यक्रम संपला आणि ती उठून थेट स्टेजवर चढली. आता माय सगळ्यांसमोर विचारणार. विचारावंच तिने, असंही त्याला मनापासून वाटलं.

भिवराबाईने सुभद्राबाईंचा हात आपल्या खरबरीत हातांत घेतला. "बाई, आमचंबी आसंच झालतं. मला वाटायचं, मोठ्या घरी आसं व्हत न्हाई."

सुभद्राबाई लेकाकडे पाहू लागल्या.

"पर तुमी लई चांगलं केलं. लेकराला नाव तरी ठिवलं. माझी तशीच गेली." भिवराबाईने पदराने डोळे पुसले.

"माय, चल," भागवत कसाबसा म्हणाला.

ती निघाली. पायऱ्यांपाशी थांबून त्याच्याकडे वळली.

"सुरेखा. चांगलं नाव हाय. आपल्याला कावून सुचलं न्हाई रं?"

भागवतने पायरी दाखवायला तिचा हात धरला.