कुलपाच्या आतली साखर

रात्री नऊ वाजता ताराचंदांच्या रक्तातील साखर १४८ होती. सकाळी सहा वाजता २१२. मधले नऊ तास ते खोलीत एकटे होते आणि खोलीला बाहेरून कुलूप होते.

२००३ साली मी आष्टीत रक्त तपासण्याची लहान प्रयोगशाळा चालवत असे. ताराचंद बाजारातले भांड्यांचे दुकानदार. वय बावन्न, वजन एकशे सहा किलो, मान इतकी जाड की शर्टाचे वरचे बटण लागत नसे. गोळ्या वाढवूनही सकाळची साखर उतरेना, म्हणून मोतीबिंदूची शस्त्रक्रिया दोनदा पुढे ढकलली गेली होती. घरच्यांचे निदान एकच होते: माणूस चोरून खातो. कुलपाची सूचना ताराचंदांनीच केली होती, एका रात्रीपुरती, निर्दोष ठरण्यासाठी. आकडा उलटा आला आणि कुलूप राहिले. त्याला आता वीस दिवस झाले होते.

मी आधी यंत्रावर संशय घेतला. स्वतःचे रक्त तपासले, दुसऱ्या यंत्राशी आकडे ताडून पाहिले. यंत्र बरोबर होते.

किल्ली ताराचंदांच्या पत्नी अनुसयाबाई यांच्या धाकट्या भावाकडे, रूपरावकडे असे.

"भाऊजी, खरं सांगा, पेढे कुठं दडवले?"

"तुह्या डोक्शात. तिथं लय जागा खाली हाय."

झडती मात्र गंभीरपणे झाली. पेटी बाहेर गेली. खिडकीतून कोणी काही देत असेल म्हणून तिच्यावर पत्रा ठोकला गेला. ताराचंद ज्या दोन लोडांना टेकून अर्धवट बसल्यासारखे झोपत, ते लोड उसवले. आत फक्त कापूस निघाला. लोड परत मिळाले नाहीत. त्यानंतरचे आकडे २२६, २३१, २२९. ही वाढ मी लिहून ठेवली. अर्थ लावला नाही.

"मॅडम, मले तुरुंगात तरी टाका," ताराचंद बोट पुढे करत म्हणाले. "तिथं खिडकी रायते."

अनुसयाबाईंकडे पुरावा होता. "मी दाराले कान लावून बसत असतो. घोरून राह्यले तवरक ठीक. घोरणं थांबलं का समजा, उठले. मंग घशात घास अटकल्यावानी आवाज येते. अन् पुन्हा घोरणं सुरू."

"एका रात्रीत किती वेळा?"

"मोजले काय मी? शंभरक खेप."

"माणूस रात्रीतून शंभर वेळा उठून खाईल?"

"तुमी यायले वळखत नाई."

मी दुसऱ्या दिवशी जेवणानंतर, दुपारी, त्यांच्या समक्ष हे तपासायचे ठरवले. ताराचंदांना झोपायला सांगितले.

"कैदीच हाय मी. म्हणान तवा झोपतो."

रूपरावने कुलूप लावले. अनुसयाबाईंनी दाराला कान लावला. मी घड्याळ काढले. बारा मिनिटे नुसते घोरणे ऐकू आले. मग ते एकाएकी तुटले.

"आता," अनुसयाबाई कुजबुजल्या. "आता खाऊन राह्यले."

"उघडा."

ताराचंद उताणे पडले होते. रिकामे हात पोटावर, तोंड उघडे. छाती आणि पोट जोराने हलत होते, पण नाकासमोर धरलेल्या माझ्या बोटांना हवा लागत नव्हती. मी त्यांची नाडी धरली. ओठ काळवंडत गेले. अडतिसाव्या सेकंदाला घशात घास अडकल्यासारखा आवाज झाला, हवा आत गेली, आणि चौसष्टवर असलेली नाडी एकशे बारावर उसळली. मान घामाने भिजली होती. डोळे उघडलेच नाहीत. घोरणे पुन्हा सुरू झाले.

रूपराव किल्लीकडे पाहत राहिला. अनुसयाबाई म्हणाल्या, "इतका वेळ दम कुठं गेलता यायचा?"

त्यांनी रूपरावच्या हातातून कुलूप काढून घेतले आणि लोड शोधायला गेल्या.

एका दुपारच्या निरीक्षणावरून निष्कर्ष काढणे योग्य नव्हते. नागपूरच्या एका रुग्णालयात ताराचंदांची पूर्ण रात्रीची झोप नोंदवली गेली: श्वास तासाला सत्तेचाळीस वेळा थांबत होता. नाकातून दाबाने हवा देणारे यंत्र लागले. गोळ्या त्याच, जेवण तेच. तीन महिन्यांनी सकाळची साखर १४१ होती आणि डोळ्याच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरली.

कारण असे. मानेतील चरबीमुळे झोपेत, विशेषतः लोडांशिवाय सपाट उताणे असताना, त्यांचा घसा मिटत असे. हवा थांबली की रक्तातील प्राणवायू घटे. शरीर त्याला संकट समजे आणि अनुकंपी चेतासंस्था, म्हणजे लढण्या-पळण्यासाठी शरीराला सज्ज करणारे मज्जातंतूंचे जाळे, उत्तेजित होई. ती हृदयाचा वेग वाढवी, यकृताला साठवलेली साखर रक्तात सोडायला लावी आणि इन्सुलिनच्या कामात अडथळा आणी. हे रात्रभर चाले. कुलूपबंद खोलीत वाढणारी साखर ताराचंदांच्याच यकृतातून येत होती.